गायकवाड मास्तरांचं पथ्य

गायकवाड मास्तरांच्या घरी जेवून आलेला माणूस आपल्या घरी येऊन पुन्हा जेवायचा. आमच्या चाळीत हे बरेच दिवस कुणी बोलून दाखवलं नाही. मास्तर आग्रह करून वाढायचे, मार्थाबाईंच्या हाताला चव होती, आणि त्या दिवसांत दुसऱ्याच्या घरी पोटभर जेवायला मिळणं हीच मोठी गोष्ट होती. अशा घरून उठून आल्यावर भूक लागली असं कोण सांगणार? मीही सांगितलं नाही. पहिल्या दिवशी तिथून आल्यावर मी गुपचूप दुरडीतली भाकरी काढली, तेव्हा आमची सुभद्रा म्हणाली, "मास्तरांकडे काय नुसते हात धुऊन आलात?"

"जेवलो की. चांगलं जेवलो."

"मग हे काय चाललंय?"

मी भाकरी मोडली. पोटात खरोखरच काही नव्हतं.

ही लढाईच्या वर्षांतली गोष्ट. श्रीरामपूरजवळच्या एका साखर कारखान्याच्या लॅबोरेटरीत मी नोकरीला होतो. उसाच्या रसात साखर किती, चोथ्यात किती राहिली, मळीत किती गेली, हे मोजायचं माझं काम. जे मोजता येतं ते मोजावं आणि जे येत नाही त्याबद्दल फार बोलू नये, असा माझा स्वभाव आहे. मास्तरांबद्दल मी आजवर फार बोललो नाही, त्याचं कारण तेच.

मास्तर आणि आम्ही कारखान्याच्या चाळीत शेजारी. मध्ये एक भिंत, मागच्या अंगणात कमरेएवढं विटांचं कुसू. ते कारखान्याच्या शाळेत गणित शिकवायचे. पन्नाशी उलटलेला, उंच, हाडापेराने मोठा माणूस. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी. रविवारी चर्चला जाताना टोपीच्या जागी रुमाल. आवाज मऊ. मुलाचं उत्तर चुकलं तर रागावत नसत. "पुन्हा मोज," एवढंच म्हणत आणि उत्तर बरोबर येईपर्यंत त्याच्याकडे पाहत उभे राहत. मुलांना ते पाहणं छडीपेक्षा जड जाई.

खाण्याचं त्यांना अतोनात प्रेम. भाकरी ताटात आली की ते आधी तिचा पापुद्रा अलगद सोडवून घेत, त्यावर मीठ आणि तेलाचे थेंब टाकून तो डोळे मिटून खात. मग बाकीचं जेवण. "पापुद्रा घाईनं खाणारा माणूस मला हिशेबातही कच्चाच सापडलाय," असं ते म्हणत. वाटाण्याएवढ्या गुळाच्या खड्यावरून तो कोणत्या गावचा हे सांगत, आणि बहुधा बरोबर सांगत.

अशा माणसाच्या पायात चपलेचा खिळा घुसला आणि अंगठ्याची जखम भरेना. नगरचे एक डॉक्टर आठवड्यातून एकदा कारखान्याच्या दवाखान्यात येत. त्यांनी लघवी तपासली आणि मधुमेह सांगितला. त्यावरची इन्सुलिनची सुई तेव्हा बाहेरून यायची. लढाईमुळे ती मिळेनाशी झाली होती, आणि जी थोडी यायची ती लहान मुलांसाठी राखून ठेवलेली असे. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला एकच औषध. भाकरी, भात, बटाटा, गूळ, साखर, सगळं बंद. अंडी, मटण, पालेभाज्या आणि तूप. तुपाला भिऊ नका, भरपूर खा. लघवीत साखर दिसत राहिली तर जखम भरणार नाही. जखम वर चढली तर पाय घोट्यापासून काढावा लागेल. त्यातून माणूस वाचतोच असं नाही."

ही बातमी चाळीत पसरली तसे आमचे वैद्यबुवा काठी टेकत मास्तरांच्या ओट्यावर आले. डॉक्टर त्या दिवशी पट्टी बदलायला आलेले होतेच.

"मास्तर, हे तूप कोण पचवणार?" वैद्यबुवा म्हणाले. "मांस, दूधदुभतं आणि बसून राहणं, यातूनच हा रोग उपजतो असं आमच्या शास्त्रात सांगितलंय. तूप सोडा. जुनी ज्वारी खा, जव खा, आणि कोसभर चालून या."

"त्या पायानं?" डॉक्टर म्हणाले. "आणि जव म्हणजे तरी काय? पीठच. पिठाची पोटात साखर होते, तुपाची होत नाही. विचारा या काळेंना, साखरेच्या कारखान्यातले आहेत."

मी म्हणालो, "आमच्याकडे ऊस गाळतात, तूप गाळत नाहीत. मला माहीत नाही."

मास्तर हसले. "यांनी भाकरी काढली, त्यांनी तूप काढलं. दोघांचंही ऐकलं तर माझ्या ताटात मीठ तेवढं राहतं."

"चेष्टा नको," वैद्यबुवा म्हणाले. "ज्वारी खाऊन आपल्याकडची माणसं नव्वदीपर्यंत नांगर धरतात."

"ज्यांनी धरला नाही ती मोजायला तुम्ही गेला नसाल," डॉक्टर म्हणाले.

मास्तरांनी दोघांचंही ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वैद्यबुवा, डॉक्टरांजवळ लघवी तपासायची नळी आहे. तुमच्याजवळ मोजायला काय आहे?"

"नाडी."

"ती तुम्हाला एकट्यालाच ऐकू येते."

असं ते डॉक्टरांच्या बाजूला गेले. नळी पाहण्याचं काम डॉक्टरांनी माझ्याकडे दिलं, कारण डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत आणि मला अशा कामाची सवय होती. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी, पिवळा झाला तर जास्त, आणि विटेसारखा लाल गाळ खाली बसला तर फार. पथ्य सुरू झालं आणि पहिल्या पंधरवड्यात नळी लालावरून पिवळ्यावर, पिवळ्यावरून हिरव्यावर आणि मग निळ्यावर आली. मास्तरांनी नळी उजेडात धरली. "किती सुंदर रंग आहे, मार्था. बघ तरी."

मार्थाबाई म्हणाल्या, "तुमचं ते तुम्हीच बघा." पण त्यांनी पदराने डोळे पुसले.

त्या वेळी रेशनवर लाल, जाडीभरडी ज्वारी मिळायची. लोक तिच्यासाठी रांगा लावत. मास्तरांच्या कार्डावर त्यांच्या वाटचं धान्य येतच होतं, आणि ते त्यांना चालत नव्हतं. विकणं त्यांना पटेना. "माझा वाटा कुणीतरी खाल्लाच पाहिजे," ते म्हणाले, आणि त्यांनी माणसं जेवायला बोलवायला सुरुवात केली. चाळीत कोण कुणाकडे जेवतो हे बघणारे लोक होते, पण रेशनच्या दिवसांत ते थोडं सैल झालं होतं. मी गेलो. शाळेचे शिपाई गेले. पोस्टमन गेला.

मास्तर आपलं आधीच उरकून घेत, दोन उकडलेली अंडी आणि तुपात परतलेली मेथी. मग पाहुण्याच्या समोर पाट टाकून बसत. जेवणाआधीची प्रार्थना, उपकारस्तुती, म्हणत, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवत, आणि मग पाहुण्याच्या जेवणाकडे पाहत.

मी पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा पिठलं, भाकरी आणि कांदा होता. मास्तर म्हणाले, "आधी पापुद्रा, काळे." मी पापुद्रा काढला. "तेल पसरू द्या. हं. आता." मी घास तोंडात घातला. "सावकाश. कडेचा तुकडा आहे ना, कुरकुरीत? लागला?"

"लागला."

"चावा. घाई कशाची आहे? मला पोचू द्या."

मी मान वर करून पाहिलं. त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती, गळ्यावर होती. मी गिळलं तशी त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. चेहऱ्यावर समाधान होतं, लहान मूल पाजल्यावर असतं तसं. मी चार भाकऱ्या खाल्ल्या आणि घरी आलो. पुढचं वर सांगितलंच आहे.

ही माझी एकट्याची गोष्ट असती तर मी सोडून दिली असती. पण मार्थाबाईंचा भाऊ लहानू घोडेगावच्या बाजारातून वाटेत उतरला. बैलांच्या दलालीत त्याची हयात गेलेली, आणि खाण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नव्हता. दुपारी तो मास्तरांच्या समोर बसला. मी ओट्यावरच होतो. भाकऱ्या तव्यावरून ताटात आणि ताटातून पोटात जात होत्या, मास्तर मधूनमधून "पापुद्रा, लहानू," असं हळूच म्हणत होते. शेवटी मार्थाबाईंनी परात उपडी करून दाखवली.

"झालं का आता?" त्या म्हणाल्या.

लहानू पाटावर तसाच बसून राहिला. पोटावरून हात फिरवला. मग माझ्याकडे पाहत म्हणाला, "पाव्हनं, खरं सांगू का? लई खाल्लं. पर आत काय न्हाई. हिरीत पोहरा सोडावा नि वर रिकामा यावा, तसं हाय."

"तुझ्या पोटाला तळ कधी होता?" मार्थाबाई म्हणाल्या.

"न्हाई, आक्का, चेष्टा न्हाई." त्याचा चेहरा गोरामोरा झाला होता. "मेव्हनं, तुमी जेवला का काय माझ्यासंगं?"

मास्तर नुसते हसले. त्यांनी त्याच वेळी एक तृप्त ढेकर दिली. लहानू उठला, चूळ भरली आणि चहासाठी न थांबता स्टेशनाकडे चालू लागला. पुन्हा त्या घरी तो जेवायला आला नाही.

त्या संध्याकाळी नळीत विटेसारखा लाल गाळ बसला.

मी औषध बदलून पुन्हा केलं. तेच आलं. मग मी मागचं आठवून पाहिलं. ज्या दिवशी पाहुणा नसे त्या दिवशी निळं, पाहुणा असे त्या दिवशी पिवळं नाहीतर लाल. मला याचा एकच अर्थ लागला आणि तो मी मार्थाबाईंना सांगितला.

"मास्तर चोरून खातात."

"काळेभाऊ, मी स्वयंपाकघरातून हलत नाही. भाकरी मोजून करते, मोजून वाढते."

"मग तुपात काही असेल." तेव्हा तुपात काय काय मिसळत त्याला सुमार नव्हता. उकडलेलं रताळं कुस्करून घातलेलं तूप मी स्वतः पाहिलं होतं. आम्ही दुकानातलं तूप बंद केलं. सुभद्राने गवळ्याच्या घरी बसून, लोणी डोळ्यांसमोर कढवून आणलं. फरक पडला नाही.

शेवटी एका रविवारी, चर्चहून आल्यापासून, मी मास्तरांच्या शेजारून हललो नाही. त्यांनी हे आनंदाने कबूल केलं. कुणी आपली परीक्षा पाहावी हे शिक्षकाला आवडतंच. घरातलं सगळं धान्य आणि गूळ आमच्या घरी आणून ठेवला. माझ्यासमोर त्यांनी अंडी आणि मेथी खाल्ली. दुपारी पोस्टमन जेवायला आला, आणि त्याचं ताट आमच्या घरून भरून आलं. मास्तर त्याच्यासमोर हात गुडघ्यांवर ठेवून बसले आणि पोस्टमन उठेपर्यंत तसेच राहिले. त्यांच्या तोंडात पाण्याखेरीज काही गेलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. तासाभराने मी नळी दिव्यावर धरली. निळा रंग आधी गढूळ झाला, मग हिरवा, मग पिवळा, आणि मग माझ्या डोळ्यांसमोर लाल झाला.

बाहेर पोस्टमन सुभद्राला विचारत होता, "वहिनी, एखादी शिळी भाकर मिळंल का?"

डॉक्टरांना मी हे जसं झालं तसं सांगितलं. त्यांनी मला दोनदा विचारलं, मग चष्मा काढून पुसला. "मनाच्या खळबळीनं साखर वर जाऊ शकते," ते म्हणाले. "जेवण बघून यांना खळबळ होत असेल. कारण काहीही असो, पंगती बंद. जखमेच्या कडा पुन्हा काळ्या पडताहेत. आणखी महिनाभर असं चाललं तर मी नगरला नेऊन पाय काढीन."

पंगती बंद झाल्या. शाळेतही काळजी घ्यावी लागली, कारण मास्तरांची गणितं बहुतेक खाण्याची असत, एका आईने इतक्या पोळ्या केल्या, तिघांनी इतक्या खाल्ल्या अशी. मधल्या सुट्टीत मुलं डबे सोडत तेव्हा ते वर्गातच बसून राहत. त्या वर्गातली मुलं शाळा सुटल्यावर हावऱ्यासारखी घरी पळतात असं आया म्हणू लागल्या होत्या. मुख्याध्यापकांनी मास्तरांना सुट्टीत ऑफिसात बसायला सांगितलं. मास्तरांनी मान हलवली आणि गणितांत पोळ्यांच्या जागी विटा घातल्या.

नळी निळी झाली. पण घरात अजून एक माणूस जेवत होतं. मार्थाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून जेवून पाहिलं, नळी हिरवी झाली. मग त्या आमच्याकडे जेवायला येऊ लागल्या. दुपारी मागच्या अंगणातून, कुसवाच्या फटीतून यायच्या, सुभद्राबरोबर दोन घास खायच्या आणि तोंड पुसून परत जायच्या.

एकदा त्या जेवत असताना मी कुसवापाशी गेलो. मास्तर पलीकडे आपल्या ओसरीवर, आमच्याकडे पाठ करून बसले होते. आमच्या स्वयंपाकघराला त्या बाजूने खिडकी नाही. वारा त्यांच्याकडून आमच्याकडे येत होता, हे मला पक्कं आठवतं, कारण त्यांच्या अंगणातल्या लिंबाचा पाला आमच्याकडे पडत होता.

मागे न वळता मास्तर म्हणाले, "काळे, आज तुमच्याकडे बाजरी आहे."

"हो."

"अंबाडीची भाजी. लसूण जरा जळलाय. तिला सांगा, भाजी संपली की भाकरीचा शेवटचा तुकडा कोरडा खात जाऊ नको. तिला ठसका लागतो."

आतून मार्थाबाईंचा ठसका ऐकू आला. सुभद्रा पाणी आणायला धावली.

मी आत जाऊन सुभद्राला विचारलं. लसूण जळला होता.

त्यानंतर काही आठवडे नळी निळीच येत गेली. डॉक्टर खूश होते. जखमेला आतून लाल मांस येऊ लागलं होतं. डॉक्टर कारखान्याच्या साहेबांनाही सांगत, "बघा, सुई नाही, काही नाही. धान्य बंद केलं आणि तूप चालू ठेवलं. माणसाच्या शरीराला पिठाची गरजच नाही." वैद्यबुवा त्यावर म्हणत, "दिवस मोजा अजून. हे तूप एक दिवस छातीत बसेल."

मार्थाबाई आमच्याकडे येईनाशा झाल्या. त्यांच्या घरात चुलीचा धूर दिसे, भाकरी थापल्याचा आवाज येई, म्हणून आम्हाला वाटलं की त्या आता घरीच जेवत असतील. पण सुभद्राने एकदा त्यांना मागच्या दारी येणाऱ्या गायीला ताज्या भाकऱ्या घालताना पाहिलं.

"मावशी, हे काय?"

"अगं, गरम होत्या. तोंड भाजलं," त्या म्हणाल्या.

"मग अंडं तरी खा. तूप खा. मास्तर खातात तेच खा ना."

"आहे किती घरात? त्यांच्या वाटचं मी काढू?" त्यांनी गायीच्या पाठीवर हात ठेवला होता, आणि तो हात सुभद्राला ओळखू आला नाही इतका वाळला होता. "ताक घेते की मी. भाजीचं पाणी घेते. मला काही होत नाही. तू काळेभाऊंना सांगू नको."

सुभद्राने मला सांगितलं. मी मास्तरांना सांगायला गेलो, तर त्यांना ठाऊकच होतं. नळी खिडकीत लावून ठेवली होती. सकाळचा उजेड तिच्यातून जमिनीवर पडला होता.

"काळे, मला आता या रंगाची भीती वाटते," ते म्हणाले. "हा निळा आला की समजायचं, ती जेवलेली नाही. लाल आला असता तर मी देवाचे आभार मानले असते."

"तुम्ही त्यांना सांगत का नाही?"

"सांगितलं. ती म्हणते जेवले. रोज काय काय खाल्लं ते सांगते. मी ऐकून घेतो." त्यांनी गळ्याला हात लावला. "इथं काही येत नाही, काळे. रिकामं आहे."

"त्यांना लहानूकडे पाठवा. माहेरी."

"विचारलं. म्हणते, पट्टी कोण करणार? आणि मला लांबून कळणार नाही असं तुम्हाला वाटतं?"

मला तसं वाटत नव्हतं. डॉक्टरांनी अजून एक महिना मागितला होता. महिनाभराने जखम बुजली असती आणि पाय राहिला असता. महिनाभर मार्थाबाई राहतील का, हे कुणी डॉक्टरांना विचारलं नव्हतं.

चार दिवसांनी त्या नळावर पडल्या. हंड्यासकट पडल्या. आम्ही दोघांनी त्यांना उचलून आणलं, आणि त्यांचं वजन मला रिकाम्या पोत्यासारखं लागलं. सुभद्राने साखरपाणी तोंडाशी धरलं. त्यांनी दात घट्ट मिटले, मास्तरांकडे बोट केलं आणि मान हलवली.

मास्तर दारात उभे होते. काठीवर भार देऊन ते स्वयंपाकघरात गेले. चुलीवर तवा तसाच होता, आणि गायीसाठी केलेल्या दोन भाकऱ्या दुरडीत होत्या. त्यांनी दुरडी आणली, पाट टाकला आणि मार्थाबाईंच्या उशाशी बसले.

"तू जेव," ते म्हणाले.

"नाही."

"मार्था, मी शेवटचं सांगतो."

"तुमचा पाय जाईल."

"पाय माझा आहे. जायचा तर जाऊ दे. तू जेवणार नाहीस ना? मग मी जेवतो."

त्यांनी डोळे मिटून उपकारस्तुती म्हटली. मग भाकरी मोडली आणि खाल्ली. मार्थाबाई उठून त्यांचा हात धरायला गेल्या, पण त्यांना उठवेना. मी मध्ये पडायला हवं होतं की नाही, हे मला त्या वेळी कळलं नाही. सुभद्राने माझी बाही धरून ठेवली होती. मास्तर सावकाश चावत होते, आणि दर घासाला बायकोकडे पाहत होते. मार्थाबाई आधी रडत होत्या. मग त्यांचं रडणं थांबलं. त्या मास्तरांच्या तोंडाकडे पाहू लागल्या. पाहता पाहता त्यांच्या गळ्याची शीर हलली, एकदा, मग पुन्हा. ओठांना रंग आला. पहिली भाकरी संपली तेव्हा त्या कोपरावर टेकून बसल्या होत्या. दुसरी अर्धी झाल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि हात आडवा केला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "आता नाही जात."

मास्तरांच्या हातातला घास तसाच राहिला.

संध्याकाळी मी नळी केली. खात्री व्हावी म्हणून दुसऱ्यांदाही केली. मास्तरांनी कित्येक महिन्यांनी दीड भाकरी खाल्ली होती आणि नळी स्वच्छ निळी होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. मास्तर रोज धान्य खाऊ लागले. जखम भरली. पाय राहिला. डॉक्टर सगळीकडे सांगत की हा तुपाचा विजय, वैद्यबुवा सांगत की ज्वारी सुरू केली तेव्हा कुठे गुण आला. दोघे एकदा आमच्याच ओट्यावर यावरून इतके भांडले की सुभद्राला चहा परत न्यावा लागला. मास्तर भिंतीपलीकडे होते. ते वाद घालायला आले नाहीत.

गळीत हंगाम संपला आणि मला दुसऱ्या कारखान्यात चांगली जागा मिळाली. सामान गाडीत भरल्यावर मी मास्तरांचा निरोप घ्यायला गेलो. दुपारची वेळ होती, दार लोटलेलं होतं. मार्थाबाईंनी उघडलं. त्यांचे गाल भरले होते, बांगड्या हातात रुतल्या होत्या. आमच्यासाठी त्यांनी वाटेत खायला भाकरी-चटणी बांधून ठेवली होती.

"तुमचं जेवण झालं का?" मी सहज विचारलं.

"चाललंय की," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन बसल्या.

आत ताट एकच होतं, मास्तरांसमोर. भाकरी, वांग्याची भाजी, वर तेलाचा तवंग. मास्तर फार वाळले होते, बंद गळ्याचा कोट खांद्यांवरून लोंबत होता. ते भाकरीचा तुकडा मोडत, भाजीत बुडवत, तोंडात घालत. मार्थाबाई समोर बसून पाहत होत्या.

"वांगी छान झालीयेत," त्या मला म्हणाल्या. त्यांच्या हाताला खरकटं नव्हतं.

मी मास्तरांना म्हणालो, "येतो, मास्तर. पथ्य सांभाळा." सवयीने तोंडातून निघून गेलं.

ते माझ्याकडे पाहून हसले. घास त्यांच्या तोंडात होता, तो त्यांनी गालात सारला.

"काळे, मला चव लागत नाही हो," ते हळूच म्हणाले. "कशाचीच. माती खावी तसं लागतं." मग मार्थाबाईंकडे पाहिलं. त्या पुढे झुकून, हनुवटी तळहातावर टेकवून वाट पाहत होत्या. मास्तरांनी ताटातला चांगला मऊ फोडींचा वाटा निवडला, भाकरीत धरला आणि पुढचा घास घेतला.